जिन्यावर बसलेलं पोर

'ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघंही मूळचे कोल्हापूरचे. दर शनिवारी रात्री आमच्या बेसमेंटमध्ये ह्यांचे पाच-सहा मित्र जमतात. मोठा टीव्ही, स्पीकर, भडंगाचं पातेलं, आणि सिनेमा कसला तर रक्ताचा सडा. कुऱ्हाडी, हातोडे, गळे चिरणं. संपला की तासभर चर्चा. "काय हाणलाय, भावा!", "पहिला हाफ नाद खुळा, दुसऱ्यात मारामारी कमी पडली." मुलगा तेरा वर्षांचा आहे, तो जिन्यावर बसून सगळं ऐकतो. मागच्या महिन्यात ह्यांनी त्याला तसल्याच एका सिनेमाला थेटरात नेलं. म्हणाले, मोठं माणूस सोबत असलं की इथं चालतं. मुलगी सात वर्षांची, ती रात्री उठून आमच्या खोलीत येते. मी बोलले तर म्हणतात, "आई पोरांना नरसिंहानं हिरण्यकश्यपूची आतडी काढली ते रंगवून सांगते, तेव्हा तुला काही वाटत नाही?" सासूबाई सध्या इथंच आहेत, त्या गालात हसतात. मला उत्तर सुचलं नाही. मीच जुनाट झालेय का?'

ताई, आधी एक गंमत. तुम्ही 'मी बोलले' असं लिहिलंय. इथं कोल्हापुरात पेठेत असता तर इथल्या बायकांच्या रीतीनं 'मी बोललो' म्हणाला असता आणि यजमानांचा आवाज आपोआप खाली आला असता. असो.

नरसिंहापासूनच सुरू करू, कारण यजमानांनी टाकलेला डाव अगदीच कच्चा नाही. आपण पोरांना हिंसा सांगतच आलोय. भीमानं दुःशासनाची छाती फोडली ते सांगतो. अफझलखानाच्या पोवाड्यात डफावर थाप पडली की पोरं पुढं सरकून बसतात. आपल्याकडं तर नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाई देवीच्या टेकडीवर जाते आणि राक्षसाच्या वधाची खूण म्हणून कोहळा फोडला जातो. तो फोडते कोण, तर एक लहान कुमारिका. मग त्याचा तुकडा मिळावा म्हणून जी झुंबड उडते, तीत भलेभले गडी आडवे होतात. तेव्हा 'मुलांच्या कानावर मारामारी पडूच नये' असं मी सांगितलं तर टेंबलाईच मला हसेल.

पण सासूबाई गोष्ट सांगत असतात तेव्हा त्यांच्याकडं जरा नीट बघा. त्यांचं लक्ष नातीच्या तोंडाकडं असतं. तिनं पांघरूण नाकापर्यंत ओढलं की नरसिंह तिथंच थांबतो आणि प्रल्हाद पुढं येतो. आतडी किती लांब होती, रक्त कुठवर उडालं, हे चित्र पोर स्वतःच काढतं, आणि आपल्याला झेपेल एवढंच काढतं. पडदा कुणाच्या तोंडाकडं बघत नाही. तो तयार चित्र हातात ठेवतो, तेही जवळून, आणि हल्ली तर संथ गतीत.

याचा दाखला द्यायला मला लांब जावं लागत नाही. बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. गोष्ट कीचकवधाची. थेटरात बसलेल्या प्रत्येकाला ती पाळण्यापासून ठाऊक. कीर्तनात ऐकलेली, नाटकात पाहिलेली. तरी भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतकं खरं उतरलं होतं की लोक हादरले आणि सेन्सॉरनं ते कापायला लावलं. मूकपट हो! आवाज नाही, रंग नाही. तोंडपाठ गोष्टीनं मोठ्या माणसांची ही गत केली, तर तुमच्या बेसमेंटमधले स्पीकर सात वर्षांच्या पोरीचं काय करत असतील? यजमानांना उत्तर द्यायचंच असेल तर हा कीचक त्यांच्यापुढं ठेवा. कोल्हापूरचा माणूस पेंटरांचं नाव निघालं की वाद घालत नाही.

आता 'इथं चालतं' याबद्दल. अमेरिकेत 'आर' शिक्का असलेल्या सिनेमाला १७ वर्षांखालचं मूल पालक किंवा मोठं माणूस सोबत असेल तर बसू शकतं, हे खरं. पण तिथली ही पद्धत सिनेमावाल्यांनी स्वतःहून चालवलेली आहे, सरकारचा कायदा नव्हे. आपल्याकडचे बरेच सिनेमे तर तिथं कुठलाही शिक्का न घेताच लागतात. मग ज्या सिनेमाला इथं 'ए' प्रमाणपत्र आहे, म्हणजे बाप काय आजोबा सोबत असले तरी १८ वर्षांखालच्याला दारातून परत पाठवायचं, त्याच सिनेमाला तिथं तेरा वर्षांचं पोर पॉपकॉर्न घेऊन बसतं. इंग्लंडमध्ये १५ आणि १८च्या शिक्क्यांना आईबाप सोबत असले तरी सवलत नाही. जर्मनीत १६ आणि १८ला तसंच. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या सिनेमाला भारतात काय प्रमाणपत्र मिळालंय ते बघायची सवय लावून घ्या. २०२३च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडंही 'यूए'चे, म्हणजे पालकांच्या सल्ल्यानं बघायच्या सिनेमांचे, ७, १३ आणि १६ असे तीन भाग झालेत, त्यामुळं अंदाज बरा येतो. घरच्या टीव्हीवर मुलांचं वेगळं प्रोफाइल आणि मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन, हे दहा मिनिटांचं काम आहे. तेवढं करा आणि विसरून जा. तेरा वर्षांचं पोर पिन शोधून काढतंच. माझा त्या पिनवर फार भरवसा नाही.

माझी काळजी वेगळीच आहे, आणि ती माझ्याच चुकीतून आलीय. बरीच वर्षं झाली. भाचा अकरा वर्षांचा होता. मी आणि वहिनी त्याला घेऊन मोठ्यांच्या एका सिनेमाला गेलो. दारावरच्या माणसानं प्रमाणपत्राकडं बोट दाखवलं आणि लगेच 'न्या की काकी, कोण बघतंय' म्हणून आत सोडलं. पोरानं सिनेमा मुकाट पाहिला. डोळे झाकले नाहीत, रडला नाही. आम्ही म्हटलं, धीट आहे. नंतर खासबागेत भेळ खायला थांबलो. व्हिलनच्या माणसाची बोटं दारात सापडतात तो प्रसंग आम्ही दोघी हातवारे करून परत परत रंगवत होतो आणि खिदळत होतो. त्यानं भेळेचा कागद खाली ठेवला आणि विचारलं, 'आत्या, त्याला दुखलं असेल ना? मग तुम्ही हसताय का?'

त्याला सिनेमा झेपला होता. झेपलो नव्हतो आम्ही.

म्हणून तुमच्या पत्रातली मला सगळ्यात टोचलेली गोष्ट कुऱ्हाड किंवा हातोडा नाही. ती आहे जिन्यावरचं पोर आणि खालून येणारी चर्चा. पडद्यावरचा माणूस खोटा आहे हे तेरा वर्षांच्या मुलाला कळतं. पण त्याचा बाप आणि काका लोक खरे आहेत, आणि दुसऱ्याला मारल्यावर ते कशाला टाळी देतात हे तो मोजतोय. 'बाईला कानफटात दिली तिथं शिट्टी वाजली पाहिजे होती' असं वाक्य कुणी चेष्टेत टाकलं तर खालच्या पाच जणांना ती चेष्टा वाटते. वर जिन्यावर तिचा नियम होतो.

यावर बैठक बंद करा, असं मी मुळीच सांगणार नाही. आठवडाभर इंग्रजीत मान डोलावणाऱ्या माणसांना शनिवारी रात्री मोकळ्या गळ्यानं 'भावा' म्हणायला मिळतं, ती जागा मोडू नका. ती त्यांची तालीम आहे. आणि अंधारे, हिंसक सिनेमे आवडणं हा काही रोग नाही. मलाही आवडतात. माणूस किती खाली जाऊ शकतो हे खुर्चीत सुरक्षित बसून बघावंसं वाटतं, बाहेर आल्यावर चहा जास्त गोड लागतो.

बदलायची आहे ती चर्चा. आणि चर्चा कशी करावी हे कोल्हापूरकराला शिकवायला नको. यजमान लहानपणी खासबागेत कुस्ती बघायला गेले असतीलच. शाहू महाराजांचं ते मैदान, उतरत्या पायऱ्यांवर बसलेले म्हातारे, डोक्याला फेटा, आणि कडेला बसलेल्या पोराला चाललेलं शिक्षण: 'बघ, आता ढाक मारणार. बघ, त्याचा हात कुठं गेला. हां, निसटला, वजन मागं राहिलं.' पडलेल्याचा खांदा कसा कळवळला यावर तिथं कुणी टाळी देत नाही. हरलेला पैलवान चांगला लढला असला तर त्यालाही दाद मिळते. तिथला जाणता माणूस डाव बघतो.

तर मुलाला जिन्यावर ठेवू नका. त्याच्या वयाला चालेल असा सिनेमा असेल त्या शनिवारी त्याला खाली बोलवा आणि काका लोकांना सांगा, आज पोराला डाव दाखवायचे. 'शोले'पासून सुरुवात करायला हरकत नाही. गब्बर हातावरचा किडा चिरडतो आणि पुढं दिसतो तो घोड्यावरून गावात आलेला अहमदचा मृतदेह. मधलं काहीच दाखवलेलं नाही, तरी थेटर गार पडायचं. ठाकूरच्या नातवावर गब्बर बंदूक रोखतो, तिथंही पोराला गोळी लागताना दिसत नाही. मुलाला विचारा, दाखवलं का नसेल? तो जे उत्तर देईल त्यावर अर्धा तास सहज जाईल. शेवटी गब्बरला ठाकूर मारतो असं आधी चित्रित केलं होतं आणि सेन्सॉरमुळं त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागलं, हेही सांगा. कुठला शेवट बरोबर, यावर तुमच्या बेसमेंटमध्ये भांडण लागलं तर लागू द्या. असली भांडणं पोरांनी जरूर ऐकावीत.

त्याला आतली कारागिरीही कळू द्या. हिचकॉकच्या 'सायको'मधल्या न्हाणीघरातल्या खुनात वाहतं ते चॉकलेटचं सिरप आहे आणि सुरा घुसल्याचा आवाज खरबुजासारख्या फळात सुरी खुपसून काढलेला आहे. हे एकदा कळलं की मूल रक्ताकडं भाबडेपणानं बघत नाही. ते विचारतं, हे कसं केलं असेल. (तुमच्या ओट्यावरचं एखादं टरबूज कामी येईल, तेवढी तयारी ठेवा.) मुलगा मोठा झाला, सोळा-सतराचा, की 'सैराट'चा शेवट बापलेकांनी मिळून बघावा. शेवटी ते लेकरू रक्तानं भरलेल्या पावलांनी चालत निघतं आणि पडद्यावर आवाजच नसतो. मी पाहिला तेव्हा बाहेर पडताना पायऱ्यांवर फक्त चपला वाजत होत्या. तिथं 'काय हाणलाय' कुणी म्हणत नाही. का म्हणत नाही, एवढंच यजमानांनी मुलाला विचारावं.

धाकटीचं सोपं आहे. तिला चित्रापेक्षा आवाज त्रास देत असणार, कारण लाकडी घरात बेसमेंटमधली धडधड वरच्या गाद्यांपर्यंत पोचते. ती झोपायला गेली की स्पीकर बंद, कानाला हेडफोन, किंवा त्या रात्री विनोदी सिनेमा. रात्री ती उठून आली तर 'ते खोटं असतं, झोप' म्हणून वाटेला लावू नका. काय ऐकलंस ते सांगू दे, मग तिच्याजवळ पडा. महिनाभर हे करूनही झोप लागत नसेल तर तिच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

यजमानांशी हे सगळं मित्रांसमोर बोलू नका. कोल्हापूरचा गडी चारचौघांत कधी माघार घेत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. रविवारी सकाळी, चहा त्यांच्या हातात असताना बोला. आणि सासूबाईंना बाजूला घ्या, त्या गालात हसल्या याचा अर्थ त्यांना दोन्ही बाजू कळतात. नरसिंह कुठं थांबवायचा हे त्यांना कसं कळतं, ते त्यांनाच लेकाला सांगू द्या.

जुनाट झालाय का, विचारलंय. नाही. जिन्यावर कोण बसलंय ते घरात तुम्हाला एकटीला दिसलं.

पुढच्या खेपेला इकडं याल तेव्हा मुलाला खरी कॉर्नरला न्या. तिथं बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा कॅमेरा स्तंभ आहे. गाड्यांच्या गर्दीत पटकन दिसत नाही, रस्ता सांभाळून उभे राहा. कीचकाची गोष्ट यजमानांनी तिथंच सांगावी. सेन्सॉरनं कापलं ते दृश्य कसं असेल, हे पोराला त्याच्या मनानं रंगवू दे.