जांभळ्या फाउंटन ग्रासचा रंग उतरला तर...

प्रश्न: दीड वर्षापूर्वी जांभळ्या पानांचं फाउंटन ग्रास आणलं. बारा इंची कुंडीत, पूर्वेच्या बाल्कनीत ठेवलं आहे. रोज पाणी आणि महिन्यातून एकदा युरिया देते. पानं हिरवट पडून लोळू लागली आहेत, ठोंब मधोमध वाळला आहे, तुरेही येत नाहीत. काय चुकतंय? (वाचक, नाशिक)

उत्तर: रंग उतरलाय तो उन्हाअभावी. या गवताच्या पानांत जांभळं रंगद्रव्य भरपूर तयार व्हायला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. पूर्वेच्या बाल्कनीत दुपारच्या आत सावली येते. मग पानं हिरवी पडतात, उजेडाच्या ओढीने लांबतात आणि कलतात. कुंडी गच्चीवर किंवा दक्षिणेकडे हलवा. जुन्या पानांना रंग परत चढेलच असं नाही, तो नव्या फुटव्यांवर पाहायचा.

युरिया आजच थांबवा. जास्त नत्राने पानं लुसलुशीत होऊन पडतात आणि तुरे कमी येतात. वर्षातून एकदा, छाटणीनंतर, दोन मुठी गांडूळखत या गवताला पुरतं. पाणीही घड्याळ पाहून देऊ नका. वरची दोन इंच माती कोरडी लागली तरच द्या. उन्हाळ्यात कुंडीला रोज लागेल, थंडीत आठवड्यातून दोनदाही पुरेल.

ठोंब मधून वाळणं हा रोग नाही. नवे फुटवे बाहेरच्या कडेने येतात, मधला भाग जुना होऊन मरतो, आणि कुंडीत मुळ्या दाटल्या की हे लवकर होतं. यावर ठोंब फोडणं हाच उपाय. फेब्रुवारीअखेर थंडी ओसरली की पानं मातीपासून चार-पाच इंचांवर कापा. त्याआधी ठोंब सुतळीने बांधून घेतलात तर कचरा पसरत नाही. पानांच्या कडा खरखरीत असतात, हातमोजे घाला. ठोंब कुंडीतून काढून धारदार सुरीने किंवा करवतीने त्याचे असे भाग करा, की प्रत्येकात पाच ते आठ जिवंत फुटवे आणि पुरेशा मुळ्या येतील. एकदोन फुटव्यांचे तुकडे बहुधा तग धरत नाहीत. मधला वाळका भाग टाकून द्या. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत असं मिश्रण भरा आणि भाग पूर्वीइतक्याच खोलीवर लावा. खोल लावलं तर बुडखा कुजतो. आठ-दहा दिवस अर्धसावलीत ठेवून मग पूर्ण उन्हात न्या.

प्रश्न: आमच्याकडे काळी माती आहे. जमिनीत लावलेलं हेच गवत दोन्ही वर्षी पावसाळ्यात कुजलं. (वाचक, परभणी)

उत्तर: दोष पावसाचा नाही, निचऱ्याचा आहे. काळ्या मातीत खड्डा खणून त्यात वाळू भरू नका. त्या खड्ड्यात आजूबाजूचं पाणी साठतं आणि मुळ्या गुदमरतात. त्यापेक्षा जमिनीवर आठ-दहा इंच उंच वाफा करा, त्यात माती आणि मुरूम निम्मे-निम्मे आणि थोडं शेणखत मिसळा. दोन रोपांत दोन ते अडीच फूट अंतर ठेवा. लागवड मार्चमध्ये केलीत तर पाऊस येईपर्यंत मुळ्या धरतात. ऐन जुलैत फोडलेला ठोंब ओल्या जखमांतून सडतो.

प्रश्न: याचं बी ऑनलाइन मिळतं. घ्यावं का? (वाचक, पुणे)

उत्तर: घेऊ नका. बागेतला जांभळा ‘रुब्रम’ प्रकार जवळजवळ वांझ असतो. त्याची रोपं ठोंब फोडूनच करतात. पाकिटातून बहुधा हिरवं फाउंटन ग्रास उगवेल, आणि ते आम्हाला खरोखर काळजीचं वाटतं. आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं हे गवत वाऱ्यावर बी उडवत कोरड्या माळांवर पसरतं. हवाईत त्याने वणव्यांना इंधन पुरवलं, आणि युरोपीय संघाने 2017 मध्ये त्याला उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत घातलं. आपले माळ आणि डोंगरउतार त्याला मानवणारेच आहेत. बी आधीच पेरलं असेल आणि हिरवी पानं निघाली असतील, तर तुरा येण्याआधी मुळासकट उपटा. तुरे आलेच असतील तर ते आधी कापून पिशवीत बंद करा, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका.