ओहायोत दाट जंगलात हरणाच्या शिकारीसाठी लीव्हर-अ‍ॅक्शन रायफल (खटक्याजवळचा दांडा खाली-वर करून काडतूस भरायची) घ्यायची आहे, पल्ला १०० यार्डांच्या आत. .३०-३०, .३५७, .४४ मॅग्नम की .४५-७०?

ओहायोत असाल तर .३०-३० यादीतून काढा. तिची पुंगळी तोंडाशी निमुळती आहे आणि तिथे हरणासाठी .३५७ ते .५० इंच व्यासाची, सरळ पुंगळीचीच काडतुसं चालतात. नळीत आणि मॅगझिनमध्ये मिळून तीनच काडतुसं भरता येतात. एच-१बीसारख्या व्हिसावर असाल तर शिकारीचा वैध परवाना हातात असल्याशिवाय बंदूक विकत घेणं किंवा बाळगणं हा संघीय गुन्हा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

उरलेल्या तिघांत मी .४४ मॅग्नम सुचवेन. २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २० इंची नळीतून सेकंदाला साधारण १,७५० फुटांनी निघते. रिव्हॉल्व्हरमधून तीच १,४०० च्या आत राहते. बहुतेकांची चूक इथेच होते. रिव्हॉल्व्हरसाठी बनवलेली पोकळ टोकाची मऊ गोळी रायफलच्या वेगाला कातडीखालीच फुलते, फासळीवर फुटते आणि आत खोल जात नाही. जखम वरवरची होते, रक्ताचा माग मिळत नाही आणि जनावर तडफडत दूर जाऊन मरतं. म्हणून जाड आवरणाची, सपाट टोकाची सॉफ्ट पॉइंट (टोकाशी शिसं उघडं असलेली) गोळी घ्या. जुन्या मार्लिन १८९४ रायफलीच्या .४४ नळीत आटे (गोळीला फिरवणाऱ्या आतल्या पिळदार खाचा) ३८ इंचांत एक फेरा घेतात. तिथे ३०० ग्रेनच्या जड गोळ्या नीट स्थिरावत नाहीत, २४० वरच राहा. नेम १०० यार्डांवर अचूक जुळवला असेल तर .४४ ची गोळी १५० वर पाच-सहा इंच खाली जाते. १२५ च्या पुढे बार टाकूच नये, असं माझं मत.

.३५७ मध्ये १५८ ग्रेनची गोळी सुमारे १,८०० फुटांनी जाते. धक्का नगण्य, सराव स्वस्त, कारण .३८ स्पेशलही त्याच रायफलीत चालतं. पण हरणावर ७५ यार्डांपलीकडे नको, आणि खांद्याच्या हाडावर तर नकोच.

.४५-७० हे १८७३ चं लष्करी काडतूस. ३०० ग्रेनची गोळी १,८०० फुटांच्या वर जाते आणि धक्का .३०-३० च्या दुपटीच्या आसपास बसतो. नवशिक्या मग खटका दाबताना डोळे मिटतो. एल्कसारखं थोराड हरीण किंवा अस्वल डोक्यात नसेल तर एवढं ओझं कशाला? शिवाय याच नावाखाली वेगवेगळ्या दाबाची काडतुसं विकली जातात. आधुनिक रायफलीसाठीचं जोरदार काडतूस ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्ड या जुन्या लष्करी रायफलीत घातलं तर बंदूक फुटू शकते. जड गोळी झुडपातून सरळ जाते ही समजूतही खोटी. फांदीला लागून सगळ्याच गोळ्या वळतात.

शेजारच्या पेनसिल्व्हेनियात जाणार असाल तर मात्र .३०-३० च घ्या. १७० ग्रेन, २,२०० फूट, खांद्याला सोसेल असा धक्का. या पल्ल्यात तिच्याइतकं समतोल काडतूस मला दुसरं दिसत नाही.

काडतूस कोणतंही असो, नळीसारख्या मॅगझिनमध्ये एका काडतुसाचं टोक पुढच्याच्या प्रायमरला (बुडाशी असलेल्या, आघाताने पेटणाऱ्या टोपीला) टेकतं. कठीण अणकुचीदार गोळी तिथे धक्क्याने बार उडवू शकते. टोकदार हवीच असेल तर रबरी टोकाची हॉर्नडी लेव्हरएव्होल्यूशन आहे.

लीव्हर हलक्या हाताने ओढू नका. अर्ध्यावर थांबलात की पुंगळी अडकते. शेवटपर्यंत खाली, मग तितक्याच जोमाने वर. आणि बार न टाकता घोडा उतरवायचा असेल तर हातमोजा काढा, नळी जमिनीकडे धरा, घोडा अंगठ्याने घट्ट धरूनच खटका दाबा आणि सावकाश हाफ-कॉकवर (घोड्याच्या अर्ध्या, सुरक्षित खाचेवर) आणा. थंडीत बधिर झालेल्या अंगठ्याखालून तो निसटतो, आणि त्या क्षणी काडतूस नळीतच असतं.