भस्मासुराचा वर आणि लाल बूट

पेडणे

प्रिय बाय,

तुझी पटकथा दोनदा वाचली. एकदा तुझ्या मैत्रिणीची कादंबरी बाजूला ठेवून, नंतर दोन्ही मांडीवर घेऊन. सोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंयस, "सर, मूळ पुस्तकाशी किती प्रामाणिक राहू?" त्या 'किती'पाशीच मी अडलो.

टोल्कीनची अंगठीची गाथा, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', हजारभर पानांची. पीटर जॅक्सनने 2001 ते 2003 मध्ये तिचे तीन चित्रपट केले, सगळे मिळून सव्वानऊ तासांचे. टॉम बॉम्बाडिल हे अख्खं पात्र गेलं. हॉबिट, म्हणजे गोष्टीतले बुटके नायक, घरी परततात तेव्हा गावाची झालेली दुर्दशा, तीही गेली. तरी पुष्कळ वाचकांनी ते चित्रपट आपले मानले. पुढे त्याच दिग्दर्शकाने 'द हॉबिट' घेतलं. मुलांसाठी लिहिलेलं, तीनशेएक पानांचं एकच पुस्तक, आणि त्याचेही तीन चित्रपट, जवळजवळ आठ तास! गाळायची गरजच नव्हती. उलट इतकी भर घातली, की त्या गर्दीत बिचारा नायक बिल्बो मला शोधावा लागला.

म्हणून बदल किती झाले ते मी मोजत नाही. बदल कुणी मागितला ते बघतो, कॅमेऱ्याने की भीतीने.

एकाच चित्रपटात दोन्ही बघायचं तर 1939 चा 'द विझार्ड ऑफ ऑझ' बघ. फ्रँक बाऊमच्या 1900 सालच्या पुस्तकात ऑझ या जादूच्या देशात पोचलेल्या डोरोथी या मुलीचे जादूचे बूट चांदीचे आहेत. चित्रपटात ते लाल माणकांचे झाले, कारण टेक्निकलर या रंगीत चित्रीकरणाच्या झगमगाटात आणि पिवळ्या विटांच्या रस्त्यावर लाल रंग उठून दिसणार होता. खुशाल करा. बुटांचं काम तेच राहिलं. पण त्याच चित्रपटाच्या शेवटी डोरोथी बिछान्यात जागी होते आणि ऑझ हे स्वप्न ठरतं. बाऊमचं ऑझ खरं आहे. पुढच्या एका पुस्तकात तर ती काका-काकूंना घेऊन तिथे कायमची राहायला जाते. हे स्वप्न काही रंगाने मागितलं नव्हतं. मोठ्या माणसांना जादू पचणार नाही, ही धास्ती मला त्यात दिसते. लोक तो चित्रपट डोक्यावर घेतात, मलाही आवडतो, पण तो शेवट मी माफ केलेला नाही.

'अर्थसी' या जादूगारांच्या कादंबऱ्यांचंही तेच. अर्सुला ले ग्विनचा नायक तांबूस-तपकिरी कातडीचा, हे तिने पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. 2004 च्या टीव्ही मालिकेत तो गोरा झाला. तिने जाहीरपणे निषेध केला, आणि बरोबर केला.

आता आपल्या घरचं. जत्रेतला दशावतार तू आजीच्या मांडीवर बसून पाहिलायस. लिहिलेली संहिता नसते. रंगपटात आख्यान ठरतं, कुणामागून कोण येणार ते ठरतं, भाषणं ज्याची त्याने उभ्या उभ्या रचायची. रंगमंचावर एक बाकडं, तेच सिंहासन आणि तेच कैलास. भस्मासुर मध्येच रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलला तरी पुढे बसलेल्या आज्या हसतात. मोहिनी गाणं कुठलं म्हणते याचंही त्यांना काही नाही. पण शंकराने "चुकलं बाबा, तो वर परत दे" म्हणून बघावं! आज्या पिशव्या उचलून घरी जातील. दिलेला वर परत घेता येत नाही, म्हणून तर विष्णूला मोहिनी व्हावं लागतं. सगळं आख्यान त्या एका अटीवर उभं आहे.

तुझ्या मैत्रिणीच्या कादंबरीतली अट कुठली? प्रत्येक मंत्रापायी एक आठवण जाते, ही. नायक पूर उतरवतो आणि आईचं धालोतलं, बायकांच्या त्या लोकनृत्यातलं, गाणं विसरतो. तू तो प्रसंग काढलास, "वेग जातो" म्हणून. मग उरलेल्या 60 पानांत त्याने टाकलेले मंत्र म्हणजे दिवाळीचे भुईनळे झाले. लागले, विझले. त्याउलट तिघा भावांचा एक भाऊ केलास ते उत्तम, मला तिघे वेगळे आठवतही नव्हते. राजदरबाराची ती 40 पानं गेली, त्याबद्दल तर मी तुझा ऋणी आहे.

मधली जागाही असते. टोल्कीनची अंगठी भल्याभल्यांना मोहात पाडते. पुस्तकातला फॅरामिर हा सरदार म्हणतो, ही अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही. चित्रपटात तो अंगठी बाळगणाऱ्या फ्रोडोला धरून नेतो. पटकथा लिहिणाऱ्यांचं म्हणणं असं, की पडद्यावर एकाने इतक्या सहज नाही म्हटलं तर अंगठीचा धाक संपतो. पटतं. तरी तो प्रसंग आला की मी पाणी प्यायला उठतो.

मैत्रीण असली तरी तिची परवानगी लेखी घे, आणि तीही आत्ताच. चित्रीकरण सुरू झाल्यावर कागद मागितला की मैत्रीला कात्री लागते.

गाण्याचा प्रसंग परत लिही. विसरल्याचं त्याला कळता कामा नये. आई गायला लागू दे, आणि त्याने नुसतं विचारावं, "हे कुठलं गं?" नवा खर्डा जत्रेच्या आधी घेऊन ये. रात्री नाटकाला बसू, चटई मी आणतो.

तुझा,
सर