युथ ऑर्केस्ट्राच्या परदेश दौऱ्यात सगळ्यात अवघड काय असतं?

वाजवणं नाही, बॉर्डर ओलांडणं! वेस्ट-ईस्टर्न दिवान ऑर्केस्ट्राचंच बघा ना, इस्रायली कंडक्टर-पियानिस्ट डॅनियल बारेनबॉइम आणि पॅलेस्टिनी विचारवंत एडवर्ड सईद यांनी १९९९ मध्ये जर्मनीत वायमारला सुरू केलेला, इस्रायली आणि अरब पोरं एकाच स्टँडवरचं नोटेशन बघून शेजारी शेजारी बसून वाजवतात. २००५ ला पॅलेस्टिनी भागातल्या रामल्ला शहरात कॉन्सर्ट ठरली तर इस्रायली पोरांना तिकडे जायला कायद्यानेच बंदी, सीरिया-लेबनॉनच्या पोरांना इस्रायलमधून जायचं म्हणजे अजून मोठी पंचाईत, मग स्पेन सरकारने त्यांना डिप्लोमॅटिक पासपोर्ट दिले तेव्हा कुठे जमलं. बीथोव्हेनची पाचवी सिंफनी वाजवली तिथे. सईद मात्र २००३ लाच गेले, त्यांना हे बघायला मिळायला हवं होतं, खरंच वाईट वाटतं.