जोकोविचचा कोट कधी झाला?

दर्यापूरकडच्या एका शिक्षकांची शंका आहे: 'जोकोविचने 24 ग्रँड स्लॅम जिंकले' म्हणावं की 'जिंकली'?

सर, लिंगाचं नंतर पाहू, आधी ते 24 खोडा. त्याने जिंकल्यात टेनिसच्या 24 मोठ्या स्पर्धा: ऑस्ट्रेलियन 10, विम्बल्डन 7, अमेरिकन 4, फ्रेंच 3. नदालच्या 22, फेडररच्या 20. ग्रँड स्लॅम मात्र तिघांचाही शून्य! एकाच वर्षात चारही स्पर्धा मारल्या तरच तो होतो. पुरुष एकेरीत डॉन बजने 1938 साली केला, रॉड लेव्हरने 1962 आणि 1969 साली. संपली यादी. दर जानेवारीत टीव्हीवाला 'वर्षातलं पहिलं ग्रँड स्लॅम' म्हणतो आणि माझा घास घशात अडकतो.

'स्लॅम म्हणजे मोठा तडाखा' असं सांगणाऱ्या विद्वानांनी पत्ते कधी हातात धरले नसावेत. दार आपटण्याचा स्लॅम वेगळा. हा पत्त्यांतला, 17व्या शतकात इंग्लंडात पत्त्यांच्या एका खेळाचंच ते नाव होतं. ब्रिजमध्ये तेराही हात एकाच जोडीचे झाले की ग्रँड स्लॅम. 1933 साली जॅक क्रॉफर्ड तीन स्पर्धा जिंकून अमेरिकेत पोचला, तेव्हा तिथल्या पत्रकारांनी हा शब्द टेनिसला लावला. अंतिम सामन्यात फ्रेड पेरीने त्याला हरवलं, ते सोडा.

आता आपल्या पारावर या. कापूस घरात आलाय, दुपार रिकामी, मेंढीकोट रंगलाय. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. चारही एकाच जोडीकडे गेल्या की कोट! आणि तेराही हात घेतले तर बावन्न पत्त्यांचा कोट. चार मेंढ्या, चार स्पर्धा. एक डाव, एक वर्ष. इतका नेमका शब्द घरात असताना 'महाविजेतेपद' कशाला घडवता? काहींना या कोटात अंगातला कोट दिसतो. मला किल्ला दिसतो: चारही बुरूज हाती आले, कोट पडला.

काही जाणकार म्हणतात, जोकोविचने 2015च्या विम्बल्डनपासून 2016च्या फ्रेंचपर्यंत सलग चार जिंकल्या, तोही ग्रँड स्लॅमच. मागच्या डावातल्या दोन मेंढ्या या डावात मोजायला काढून पाहा पारावर. "काहून बे, येडा समजतं का आमाले?" म्हणत पत्ते अंगावर येतील.

हां, लिंग. कोट पुल्लिंगी, म्हणून ग्रँड स्लॅमही पुल्लिंगीच ठेवा. आणि जोकोविचने 24 स्पर्धा 'जिंकल्या'. जिंकले नाही, जिंकलीही नाही.