आईबरोबर न्यूझीलंडचा मोटारप्रवास: पैसे कुठून काढावेत आणि कुठे वाचवावेत

तुमच्या पत्रातील परिस्थिती आधी मांडतो, म्हणजे पुढचा हिशेब इतर वाचकांनाही समजेल. तुमच्या आई ६८ वर्षांच्या आहेत, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्यांना घेऊन पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आठ रात्रींचा मोटारप्रवास करावा असे तुमच्या मनात आहे. गाडी तुम्ही एकट्याच चालवणार आहात. दोघींचा एकूण खर्च तुमच्या आठ महिन्यांच्या बचतीइतका येतो. तुमच्याकडे सहा महिन्यांच्या घरखर्चाचा राखीव निधी आहे आणि घराच्या सुरुवातीच्या रकमेसाठी तीन वर्षांचे उद्दिष्ट ठेवून वेगळी बचत चालू आहे. भाऊ म्हणतो वैयक्तिक कर्ज काढ, आई म्हणतात माझी मुदत ठेव मोड, आणि तुम्ही विचारता की दोन वर्षे थांबावे का. भाड्याच्या गाडीचा पूर्ण विमा महाग वाटतो, तो गाळता येईल का, हाही तुमचा प्रश्न आहे.

माझे मत असे आहे की तुम्ही जावे, आणि याच वेळी जावे. परंतु त्यासाठी कर्ज काढू नये, राखीव निधीला हात लावू नये आणि आईंची ठेवही मोडू नये. खर्चात जी काटछाट करायची ती किलोमीटरमध्ये करावी, विम्यात करू नये.

कर्जाचा मुद्दा लवकर संपतो. दरसाल १४ टक्के व्याज आणि २४ मासिक हप्ते धरले, तर प्रत्येक शंभरामागे साधारण ११५ परत करावे लागतात. आठ रात्रींसाठी दोन वर्षे हप्ते भरण्यात तोटा केवळ व्याजाचा नसतो, कारण त्या दोन वर्षांत तुमची घराची बचतही जवळजवळ थांबते. राखीव निधीबद्दल तर चर्चाच नको. तुम्ही घरात एकट्याच कमावत्या आहात आणि प्रवासाहून परतल्यावर नेमकी नोकरीत अडचण आली, तर त्या निधीखेरीज दुसरा आधार तुम्हाला नाही.

आईंच्या ठेवीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुदतीपूर्वी ठेव मोडली तर व्याजाचा काही भाग जातो, हे एक कारण झाले. त्यापेक्षा महत्त्वाचे कारण हे की ती ठेव त्यांच्या म्हातारपणाच्या औषधपाण्याची सोय आहे, आणि ती संपल्यावर तोच भार पुढे तुमच्यावरच येणार आहे, म्हणजे पैसे एका खिशातून काढून दुसऱ्या खिशाला भोक पाडल्यासारखे होईल. मात्र त्यांना काहीच भरू द्यायचे नाही, हेही मला पटत नाही. स्वतःच्या सहलीत आपला वाटा असावा असे त्यांना वाटणे स्वाभाविक आहे. त्यांच्या ठेवीवर येणाऱ्या व्याजातून मिलफर्ड साउंड या डोंगरांमधल्या समुद्रखाडीतील बोटफेरीची दोघींची तिकिटे त्यांनी काढावीत. रक्कम ठरलेली राहील, मुद्दल शाबूत राहील आणि त्यांचा मानही राहील.

मग पैसे कुठून येणार? प्रवासाला अजून दहा महिने आहेत. या दहा महिन्यांत निम्मी बचत प्रवासासाठी वळवली, तर पाच महिन्यांच्या बचतीइतकी रक्कम जमते. उरलेली तीन महिन्यांची रक्कम घराच्या निधीतून काढावी. यामुळे घराचे उद्दिष्ट आठ महिन्यांनी पुढे जाते. ही किंमत खरी आहे आणि ती मी लपवत नाही. पण दोन वर्षे थांबण्यालाही किंमत आहे. प्रवास विम्याचे हप्ते वयाच्या टप्प्यांनुसार वाढतात, आणि सत्तरी हा त्यातला नेहमीचा टप्पा आहे. दुसरा गुडघा दोन वर्षांनी कसा असेल, हे कोणत्याही गणितात बसत नाही. घर आठ महिने उशिरा घेतल्याने त्याची चव जात नाही. आईंच्या चालण्याबाबत तसे म्हणता येत नाही, म्हणून माझा कौल प्रवासाकडे आहे. तुमचे घराचे उद्दिष्ट एक वर्षावर आले असते, तर मी बहुधा उलट सांगितले असते.

प्रवासासाठी बाजूला काढलेली रक्कम दहा महिन्यांत खर्च व्हायची असल्यामुळे ती शेअरशी जोडलेल्या कोणत्याही योजनेत ठेवू नये. खर्च न्यूझीलंड डॉलरमध्ये होणार असल्याने विनिमय दराची टांगती तलवार राहतेच. सगळे चलन एकाच दिवशी घेण्यापेक्षा शेवटच्या चार-पाच महिन्यांत टप्प्याटप्प्याने घ्यावे आणि अंदाजावर दहा टक्के जास्त धरावेत. तिकडे कार्ड वापरताना यंत्राने ‘तुमच्या देशाच्या चलनात रक्कम घेऊ का’ असे विचारले, तर नकार देऊन न्यूझीलंड डॉलरच निवडावेत. त्या सोयीच्या नावाखाली लावला जाणारा दर क्वचितच तुमच्या फायद्याचा असतो.

आता मार्गाकडे वळतो, कारण तुमच्या अंदाजपत्रकातील खरा दोष तिथे आहे. तुमची आखणी क्राइस्टचर्चपासून निघून टेकापो, माउंट कुक, क्वीन्सटाउन, टे आनाऊ, मिलफर्ड साउंड आणि पुन्हा क्राइस्टचर्च अशी आहे. ही बेरीज सुमारे १,६५० किलोमीटर होते. मोकळ्या रस्त्यावर कमाल मर्यादा साधारणपणे ताशी १०० किलोमीटर असली, तरी तिकडचे रस्ते बहुतांशी दुपदरी आहेत, डोंगरात वळणे आहेत आणि अनेक पूल एकाच गाडीच्या रुंदीचे आहेत, त्यामुळे नकाशावरचे अंतर आणि प्रत्यक्ष लागणारे तास यांत फरक पडतो. डाव्या बाजूने चालवण्याची तुम्हाला सवय आहे, ही जमेची बाजू. पण चालक एकच, शेजारी ज्येष्ठ प्रवासी आणि दर दीड तासाला गुडघा मोकळा करण्यासाठी थांबा, असे असताना क्वीन्सटाउन ते क्राइस्टचर्च हा सुमारे ४८० किलोमीटरचा परतीचा टप्पा तुमचा एक अख्खा दिवस खाईल, आणि तोही आधी पाहिलेल्याच रस्त्यावर.

तो टप्पा काढून टाकावा. क्वीन्सटाउनलाच गाडी परत करून तिथून विमान घ्यावे. गाडी वेगळ्या शहरात सोडण्याचे शुल्क काही कंपन्या लावतात आणि विमानभाडेही थोडे वाढू शकते, म्हणून दोन्ही बाजू कागदावर मांडाव्यात. एकीकडे वाढीव भाडे आणि ते शुल्क; दुसरीकडे १०० किलोमीटरला ७ लिटर या हिशेबाने साधारण ३४ लिटर पेट्रोल, वाटेतले खाणेपिणे आणि वाया गेलेला दिवस. शेवटच्या बाबीला तुम्ही अंदाजपत्रकात शून्य किंमत दिली आहे. एकूण खर्चाला आठने भागून पाहा, म्हणजे त्या एका दिवसाची किंमत लक्षात येईल.

दुसरी सुधारणा मिलफर्डची. टे आनाऊ ते मिलफर्ड साउंड हे अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे, आणि वाटेत १९५४ साली खुला झालेला, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांबीचा होमर बोगदा लागतो. रस्ता अप्रतिम सुंदर आहे आणि चालकाला त्यातले फारसे काही दिसत नाही, कारण त्याची नजर वळणांवर असते. टे आनाऊहून बस आणि बोटफेरी असे एकत्र तिकीट मिळते. ते स्वतः गाडीने जाण्यापेक्षा महाग पडेल, तरीही तेच घ्यावे असे मी सांगेन. प्रवासातला सर्वांत अवघड रस्ता दुसऱ्याच्या हातात जातो, तुम्हीही आईंबरोबर खिडकीतून बाहेर पाहू शकता, आणि तुमच्या गाडीचे आणखी २४० किलोमीटर वाचतात. मिलफर्डला वर्षाकाठी सहा मीटरहून अधिक पाऊस पडतो आणि खराब हवामानात हा रस्ता बंदही ठेवतात. म्हणून टे आनाऊला दोन रात्री ठेवाव्यात आणि तिकीट तारीख बदलता येईल अशा प्रकारचेच काढावे.

असे केल्यास तुम्ही स्वतः चालवायचे अंतर ९५० किलोमीटरच्या आत येते. रात्रींची वाटणी क्राइस्टचर्चला एक, टेकापोला एक, माउंट कुकच्या परिसरात एक, क्वीन्सटाउनला दोन, टे आनाऊला दोन आणि शेवटची पुन्हा क्वीन्सटाउनला, अशी बसते. माउंट कुकच्या पायथ्याच्या वस्तीत राहण्याची सोय मोजकी आणि महाग आहे. दिवसा पुकाकी सरोवराच्या कडेने वर जाऊन, पर्वत पाहून, संध्याकाळी ट्वाइझेलला उतरून मुक्काम केला तर भाडे कमी पडते. क्वीन्सटाउनचा रस्ता ट्वाइझेलवरूनच जात असल्याने त्यासाठी जास्तीचे अंतरही कापावे लागत नाही. उतरल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊ नका. लांबच्या विमानप्रवासानंतर पहिली रात्र झोपेसाठी आहे, आणि एका दिवसाचे गाडीभाडेही त्यातून वाचते. एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात आणि संध्याकाळ अचानक लवकर होते, याचाही विचार तारखा ठरवताना करावा. ईस्टरच्या सुट्टीतले दिवस टाळता आले तर खोल्यांचे दर हलके पडतात.

भावाने सुचवलेली कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच झोपण्याची सोय असलेली गाडी, मी सुचवणार नाही. भाडे अधिक, डिझेलच्या गाडीवर किलोमीटरमागे रस्ता वापराचे शुल्क, रात्री उभी करण्यासाठी जागेचे पैसे, आणि दिवसातून दहा वेळा त्या उंच पायरीवर चढणारा आईंचा गुडघा, हे सगळे धरले तर तिचा स्वस्तपणा उरत नाही. त्याऐवजी साधी मोटेल पाहावीत. तिकडच्या अनेक मोटेलांत खोलीतच छोटे स्वयंपाकघर असते आणि गाडी खोलीच्या दाराशी लावता येते. तळमजल्याची खोली हवी, हे आरक्षण करतानाच लिहून कळवावे.

आता विमा. भाड्याच्या गाडीला मूळ विमा असतो, पण त्यात ‘एक्सेस’ असतो, म्हणजे अपघात झाल्यास पहिले काही हजार न्यूझीलंड डॉलर भाडेकरूने भरायचे असतात, आणि तेवढी रक्कम बहुधा गाडी देतानाच क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवली जाते. एक्सेस शून्यावर आणणारे जास्तीचे संरक्षण तुम्हाला महाग वाटते, कारण तुम्ही ते रोजच्या भाड्याशी ताडून पाहता. ताडून पाहायचे ते राखीव निधीशी. परक्या डोंगरात एका घसरलेल्या चाकाने तुमच्या राखीव निधीतला किती भाग जाईल, हा प्रश्न विचारावा. त्रयस्थ विमा कंपनीचे स्वस्त संरक्षणही मिळते. त्यात पैसे आधी तुम्ही भरायचे आणि नंतर दावा करून मिळवायचे असतात, शिवाय कार्डावरची रक्कम अडकलेलीच राहते. तुमच्या कार्डाची मर्यादा तेवढी नसेल तर तो मार्ग तुमच्यासाठी नाही. तुमच्या प्रवास विम्यात हा एक्सेस आधीच धरला आहे का, ते प्रथम तपासावे, नाहीतर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातील. वगळलेल्या बाबींचा परिच्छेद मात्र नीट वाचावा: टप, गाडीचा तळ, हरवलेली किल्ली, चुकीचे इंधन आणि ठरावीक कच्चे रस्ते त्यात सहसा असतात. क्वीन्सटाउनजवळचा स्किपर्स रस्ता हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

न्यूझीलंडमध्ये एसीसी नावाची सरकारी व्यवस्था १९७४ पासून चालू आहे आणि ती पाहुण्यांनाही अपघाती दुखापतीच्या उपचारासाठी मदत करते. हे वाचून काही प्रवासी वैद्यकीय विमा गाळतात, आणि तिथे फसगत होते. एसीसी अपघातासाठी आहे, आजारासाठी नाही. आईंचा पाय घसरला तर ती उपयोगी पडेल. रक्तदाब वाढून रुग्णालयात दाखल व्हावे लागले, किंवा परिचारिकेसह घरी आणावे लागले, तर तो खर्च तुमचा. म्हणून आईंसाठी पूर्वीपासूनचे आजार धरणारी पॉलिसी घ्यावी, गोळी आणि शस्त्रक्रिया दोन्ही अर्जात स्पष्ट लिहाव्यात, आणि कंपनीने ते मान्य केल्याचे लेखी घ्यावे. ‘किरकोळ आहे, लिहिले नाही तरी चालेल’ असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. नंतर दावा नेमका याच ओळीवर अडतो.

किरकोळ वाटणाऱ्या दोन रकमा अंदाजपत्रकात राहून गेल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ पासून आंतरराष्ट्रीय पर्यटकांवरील शुल्क माणशी १०० न्यूझीलंड डॉलर आहे आणि ते व्हिसाच्या अर्जाबरोबरच भरावे लागते. दुसरी रक्कम टाळता येण्याजोगी आहे: सामानातले खाद्यपदार्थ किंवा वनस्पतिजन्य वस्तू विमानतळावर घोषित केल्या नाहीत, तर जागेवरच ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होऊ शकतो. आईंची पिशवी विमानात बसण्यापूर्वी एकदा उघडून पाहावी आणि शंका असेल ती प्रत्येक वस्तू घोषित करावी. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी.

या सगळ्या बदलांनंतर एकूण बेरीज फारशी खाली येत नाही, हे सांगायला हवे. परतीच्या टप्प्याचे पेट्रोल आणि डोंगरातली महाग खोली यांतून वाचलेले पैसे बसचे तिकीट आणि विमा यांत जातात. आठ महिन्यांची बचत लागणारच आहे, फक्त ती वेगळ्या जागी लागेल.

पैसे भरण्याचा क्रम मात्र पाळावा. पहिल्यांदा आईंच्या विम्याचा लेखी होकार, मग व्हिसा, त्यानंतर विमानाची तिकिटे आणि सर्वांत शेवटी गाडी व खोल्या, त्याही रद्द करता येतील अशाच दरांत. होकार येण्यापूर्वी कोणतीही न परतणारी रक्कम भरू नये. एका कंपनीने नकार दिला तर दुसऱ्या दोन ठिकाणी विचारावे. सगळीकडूनच नकार आला किंवा रक्तदाब वगळूनच पॉलिसी मिळत असेल, तर हा प्रवास तुमच्या राखीव निधीला पेलणारा नाही, आणि तेव्हा कमी पल्ल्याचे, घराच्या जवळचे ठिकाण निवडून मला नव्याने आकडे पाठवावेत.