शाळा सुटली, मैत्रिणीही सुटल्या

ताई, तुमचा प्रश्न सकाळी वाचला आणि दिवसभर मनात राहिला. तुमची लेक २२ वर्षांची, डाऊन सिंड्रोम असलेली. विशेष शाळा १८ व्या वर्षी संपली. मे महिन्यात भावाचं लग्न झालं आणि तो बायकोसह बंगळूरला गेला. तेव्हापासून ती खोलीत बसून स्वतःशीच बोलते, मालिकेतले संवाद म्हणते, पाहुणे आले तर बाहेर येत नाही. डॉक्टरांना दाखवावं की तिला एकटं वाटतंय, असं तुम्ही विचारलंय. माझा मुलगा आता ३४ चा आहे, त्यालाही डाऊन सिंड्रोम. आम्ही ठाण्याला राहतो. या वळणावरून आम्ही गेलोय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी स्वतःशी बोलण्याबद्दल, कारण त्याची भीती सगळ्यात जास्त वाटते. डाऊन सिंड्रोम असलेली बहुतेक मोठी माणसं स्वतःशी मोठ्याने बोलतात. आपण मनातल्या मनात दिवसाचा हिशोब लावतो, कुणी काय म्हणालं ते घोळवतो, तेच ती ओठांवर आणतात. माझा मुलगा रोज रात्री अंथरुणावर अख्खा दिवस परत बोलून काढतो. खरं सांगायचं तर त्याच्या मनात काय चाललंय हे मला बहुतेक वेळा तिथूनच कळलं. ते बंद करायला लावू नका. मात्र तुमच्या लेकीच्या बोलण्याचा सूर बदलला, ती स्वतःला रागावू लागली, 'मी वाईट', 'मी नको' असं काही कानावर आलं, झोप किंवा जेवण बिघडलं, येत असलेली कामं ती विसरू लागली, तर ते वेगळं. तेव्हा थांबू नका.

डॉक्टरांकडे तर न्याच. पण थेट मनाच्या औषधांवर जाण्याआधी शरीर तपासून घ्या. थायरॉईड कमी काम करणं आपल्या मुलांमध्ये फार आढळतं, आणि त्यात माणूस सुस्त होतो, गप्प होतो, कोपरा धरतो. झोपेत श्वास अडकत असेल, खूप घोरत असेल, तर दिवसभर चिडचिड राहते. आणि कान. या मुलांची कानाची नळी अरुंद असते, मळ पटकन साठतो, मधल्या कानात पाणी राहतं. आमचा मुलगा २६ चा असताना गणपतीत आरतीला खाली यायचा बंद झाला. सहा महिने आम्ही 'हट्टी झालाय' म्हणत राहिलो. एका डॉक्टरांनी 'अशा मुलांचं असंच असतं' म्हणून न तपासता परत पाठवलं. दुसऱ्यांनी कान पाहिले तेव्हा कळलं, त्याला एका कानाने जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. घोळक्यात कुणाचं काहीच उमगेना, म्हणून तो घोळक्यातूनच उठून गेला होता. ते सहा महिने मला अजून टोचतात. (आपल्या मुलांना अल्झायमर, म्हणजे स्मृती जाण्याचा आजार, लवकर होतो, असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल. ते खरं आहे. त्या आजाराशी जोडलेलं एक जनुक २१ व्या गुणसूत्रावरच असतं आणि आपल्या मुलांकडे ते गुणसूत्र एक जास्त असतं. पण तो विचार साधारण चाळिशीनंतरचा. २२ व्या वर्षी तो पहिला संशय नसतो.)

आता भावाबद्दल. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, मला मात्र सगळा प्रश्न तिथेच दिसतो. शाळा संपल्यावर तिच्या आयुष्यात तिच्या वयाचं एकच माणूस उरलं होतं, तेही गेलं. शिवाय घरात मांडव पडला, हळद लागली, सगळ्यांनी नव्या साड्या नेसल्या आणि आठवड्यात घर रिकामं झालं. दादा कुठे गेला, कधी येणार, आता तो आपला राहिला की नाही, हे तिला कुणी बसून सांगितलं का? आम्ही नव्हतं सांगितलं. धाकटी लग्न होऊन गेली तेव्हा 'त्याला काय कळतंय' असं आमच्या घरातल्याच मोठ्यांनी म्हटलं. तो दोन महिने तिच्या खोलीच्या दाराशी झोपायचा. दु:ख या मुलांना उशिरा बाहेर काढता येतं, इतकंच. मुलाला सांगा, आठवड्यातून एक वार आणि एक वेळ ठरवून फोन करायचा, आणि तो तुमच्याशी नाही, तिच्याशी करायचा. भिंतीवर कॅलेंडर लावून त्या वारावर दादाचा फोटो चिकटवा. 'करीन कधीतरी' यावर ही मुलं वाट बघून बघून खचतात.

कदाचित ती 'माझं लग्न कधी' असंही विचारेल. विचारलं तर हसण्यावारी नेऊ नका. माझा मुलगा अजून विचारतो. तिला खरंच लग्न हवंय की नटणं हवंय, की आपलं म्हणून एक माणूस हवंय, हे हळूहळू बोलून समजून घ्या. कुणाचा स्पर्श चालेल, कुणाचा नाही, नाही कसं म्हणायचं, हेही याच बोलण्यात येऊ द्या. बाहेरच्या जगाची भीती वाटते म्हणून मुलींना घरात ठेवलं जातं आणि तिथूनच एकटेपणा सुरू होतो, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय.

आता माझी चूक सांगते. मुलगा १९ चा होता तेव्हा विशेष शाळेला जोडलेल्या कार्यशाळेत जायचा. पणत्या रंगवणं, फायली, राख्या. तिथे सगळे त्याच्यासारखेच. मला वाटलं, हा अशांतच राहिला तर अशांतलाच होईल, त्याला 'नॉर्मल' लोकांत मिसळू दे. मी त्याला तिथून काढलं आणि ओळखीच्या एका दुकानात बसवलं. लोक खरंच चांगले होते. चहा द्यायचे, गालाला हात लावायचे, कौतुक करायचे. पण चार वर्षांत एकाही माणसाने त्याला 'चल रे, संध्याकाळी ये घरी' म्हटलं नाही. रात्री अंथरुणावर तो कार्यशाळेतल्या मित्रांची नावं घ्यायचा, एकेक करून, हजेरी घेतल्यासारखी. मला ऐकू येत होतं आणि मी ते सवय म्हणून सोडून देत होते. मग एका क्रीडास्पर्धेत त्याचा जुना मित्र भेटला. दोघे पायरीवर तासभर हात धरून बसले, बोलले जेमतेम दहा शब्द. त्या संध्याकाळी मी त्याच्या बाबांना म्हटलं, आपण याचे मित्र काढून घेतले.

म्हणून माझं मत ठाम आहे. आपल्या मुलांना त्यांच्यासारखेच मित्र लागतात, जिथे पटपट बोलावं लागत नाही आणि कुणी सांभाळून घेत नाही. समाजात मिसळणं हवंच, पण ते याच्या बदल्यात नको. तुमच्या मुलीच्या शाळेतल्या मुली आज कुठेतरी अशाच घरी बसल्या असतील. त्यांच्या आया तुमच्यासारख्याच काळजीत असतील. एकीला गाठा. सुरुवात एकाच मैत्रिणीपासून करा, वार आणि वेळ ठरवा आणि हातात काहीतरी काम द्या. भेळ करायची, रांगोळी काढायची, पत्ते खेळायचे. नुसतं 'गप्पा मारा' म्हटलं तर दोघी भिंतीकडे बघत बसतील. पहिल्या दोन-तीन भेटींत काहीच घडलं नाही असं वाटेल. सोडू नका. आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. आपण समोर असलो की त्या आपल्याकडेच बघून बोलतात.

दुसरी गोष्ट शेजारपाजारची. तिथे मला एक कसोटी सापडली: आपलं मूल गेलं नाही तर कुणी विचारतं का? कार्यक्रमाला बोलावणं, पहिल्या रांगेत बसवणं, टाळ्या, याने दिवस छान जातो, पण दुसऱ्या दिवशी कुणाला काही उणं वाटत नाही. काम असलं की वाटतं. आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरतीची घंटा आता माझा मुलगा वाजवतो आणि आरतीनंतर तबक फिरवतो. हे आपोआप झालं नाही. मी मंडळाच्या पोरांकडे जाऊन मागितलं, पहिल्या वर्षी शेजारी उभी राहिले. एकाने 'लोकांना बरं वाटणार नाही' असं म्हटलं, तेव्हा वादही झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाजात राहण्याचा हक्क कलम ५ मध्ये स्पष्ट लिहिलाय, तो मी तेव्हा छापून नेला होता. गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी त्याला ताप आला आणि तो गेला नाही. रात्री साडेनऊला मंडळातले तिघे दारात उभे, 'घंटावाले कुठंयत?'

लोकांना एक साधी गोष्ट शिकवावी लागते. 'ती चहा घेते का?' असं तुम्हाला विचारलं की उत्तर देऊ नका, 'तिलाच विचारा' म्हणा. आणि विचारल्यावर थांबायला सांगा. या मुलांना शब्द जुळवायला वेळ लागतो, मनात दहापर्यंत मोजावं इतका. आपण मध्येच दुसरा प्रश्न टाकतो आणि पहिला वाया जातो. माझ्या नणंदेला हे कळायला तीन दिवाळ्या लागल्या, आज ती त्याची सगळ्यात आवडती आत्या आहे.

कामाचंही बघा, पण पगारासाठी घाई करू नका. जुहूचं अर्पण कॅफे एकदा तिला घेऊन जाऊन दाखवा. तिथे बौद्धिक अक्षमता असलेली मोठी माणसं, त्यांत डाऊन सिंड्रोम असलेलीही, काम करतात. तुम्हाला जितकं कळेल त्याहून जास्त तिला कळेल. पुढच्या आयुष्याची काळजी असेल तर डोंबिवलीजवळ खोणीचं घरकुल आणि मुळशीतल्या कोळवणचं साधना व्हिलेज आत्ताच बघून या, ठेवायचं म्हणून नाही. तिथे बौद्धिक अक्षमता असलेली मोठी माणसं एकमेकांच्या सोबतीने राहतात, ते डोळ्यांनी पाहिलं की आपल्या डोक्यातलं 'संस्था' या शब्दाचं चित्र बदलतं. राष्ट्रीय न्यास ही अशा मुलांसाठीची केंद्र सरकारची संस्था; तिच्या १९९९ च्या कायद्याखाली आपल्यानंतर कायदेशीर पालक कोण, यासाठीचा पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे करता येतो, तोही आपले हातपाय चालताहेत तोवर करून ठेवावा. पण तो कागद आहे. भाऊ उद्या कायद्याने पालक झाला तरी तिची मैत्रीण होणार नाही.

आज रात्री एवढंच करा. शाळेच्या गॅदरिंगचा जुना फोटो काढून तिच्यासमोर ठेवा. काही विचारू नका, शेजारी बसा. ती कुणावर बोट ठेवते ते बघा आणि उद्या त्या मुलीच्या आईचा नंबर शोधायला लागा. सापडला नाही तर इथे लिहा, ठाणे-कल्याणच्या बऱ्याच पालकांशी माझा संपर्क आहे, मीही शोधते.